रशीद टेलरच्या दुकानातून दिसणारी भिंत

भाऊजी, शिडी आज रशीद टेलरला परत केली. झालं समाधान? तीन महिन्यांहून जास्त ती माझ्या हॉलमध्ये उभी होती. येताजाता गुडघ्याला लागायची. घरी कोणी आलं की आधी शिडीला वळसा, मग मला रामराम. तुम्ही सांगून गेले होते, संक्रांत झाली की येतो, भिंतीवरच्या चित्राची शेवटची रेघ मारतो आणि शिडी माझ्या हातानं देऊन टाकतो. संक्रांत गेली. मग तुम्हीही गेले. शिडी राहिली, रेघ राहिली आणि आपलं भांडण राहिलं. शिडी निदान परत तरी करता येते.

तेरवी आटोपून परवाच वणीहून आलो. तुमच्याबद्दल जे चांगलंचुंगलं लिहायचं असते ते तिथल्या लोकांनी लिहून टाकलं आहे, आणि तेही फ्लेक्सवर. ज्या फ्लेक्सनं तुमचा पेंटरचा धंदा बुडवला, त्याच फ्लेक्सवर चौकात तुमचा हसरा फोटो आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. अक्षरं अशी दाटीवाटीनं कोंबलेली की तुम्ही जिवंत असते तर शिडी लावून स्वतः खाली उतरवला असता. मी ताईला तसं म्हटलं, तर माझी बहीण त्या तसल्या दिवशीही तोंडावर पदर धरून हसली. मग रडली. निघताना तिनं मला एवढंच विचारलं, "भिंत पाह्यली काय रे तू?" मी म्हटलं, रोज तर पाहतो. तिनं माझ्या पिशवीत डबा ठेवला आणि आत गेली.

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मलाच तेवढं ठाऊक नव्हतं, आणि त्यावरूनच आज माझं डोकं फिरलं आहे. जे काय सांगायचं ते सरळ सांगून मोकळं व्हायचं, एवढं साधं काम तुम्हाला आयुष्यात जमलं नाही.

मी तुम्हाला बोलावलं होतं कशासाठी? फाटकावर घराचं नाव लिहायला. रिटायर झाल्यावर दारव्ह्यात चार खोल्या बांधल्या, घराला आईच्या आठवणीनं 'मातृछाया' नाव दिलं. म्हटलं, घरचाच पेंटर आहे, तर बाहेरच्या पोट्ट्याकडून कशाला लिहून घ्यायचं. तुम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले, अर्ध्या दिवसात नाव लिहिलं, आणि लिहिलं झकास, त्यात वाद नाही. मग हात पुसत हॉलमध्ये आले, दारासमोरची भिंत पाहिली, चहा संपेपर्यंत पाहतच राहिले. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. कप खाली ठेवून तुम्ही म्हणाले, "हे भिंत मले द्या."

आता जावयानं मागितल्यावर काय म्हणायचं? थोरल्या बहिणीचे यजमान तुम्ही. आमच्या घरात जावयाला नाही म्हणायची पद्धतच नाही, आणि हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. शोभाला मी आतल्या खोलीत नेऊन हळूच म्हटलं, काही कारण काढ, भिंत ओली आहे म्हणून सांग. तर माझी बायको मलाच म्हणते, "जवाई हायत ते. भिंत मागून राह्यले, वावर नाही." झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही समोरच्या रशीदची शिडी उचलून आणली, कारण माझी शिडी तुम्हाला ठेंगणी वाटली.

त्यानंतर तुमच्या वाऱ्या सुरू झाल्या. वणीहून यवतमाळ, यवतमाळहून दारव्हा, पिशवीत ब्रश आणि दोन लुंग्या. आठ दिवस राहायचं, एक कोपरा रंगवायचा, निघून जायचं. जावई म्हटल्यावर रोज वरण-भात वाढून कसं चालेल? शोभा आठही दिवस गोडधोड करायची. तुम्ही रंगाच्या हातानं जेवायला बसायचे आणि म्हणायचे, कायले एवढं करता. आणि दोनदा वाढून घ्यायचे. निघताना दर वेळी टॉवेल, टोपी, नारळ. माझ्याच भिंतीची वाट लावून माझाच नारळ घेऊन जाणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. धरलं तर चावते, सोडलं तर पळते, अशी माझी गत करून ठेवली होती तुम्ही.

आणि काढत काय होते? तुम्ही जन्मभर रस्त्यासाठी रंगवलं. बियाण्याच्या जाहिराती, खताच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, कोळशाच्या ट्रकांच्या पाठी. धावत्या एस.टी.तल्या माणसाला दुरून दिसलं पाहिजे, हे तुमचं माप. मी कंडक्टर होतो, माझ्या खिडकीतून तुमच्या भिंती मी वर्षानुवर्षं पाहिल्या आणि शेजारच्या शिटावरच्या माणसाला सांगितलं, हे आमच्या भाऊजींचं काम. पण माझा हॉल म्हणजे काय महागाव रोड आहे? लांबी बरी, रुंदी नऊ फूट, त्यातही अर्ध्यात दिवाण. त्या भिंतीवर तुम्ही माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या तीन बाया काढल्या, कापूस वेचणाऱ्या. दिवाणावर बसलं की समोर काय दिसते? एक पांढरा धब्बा. एक हिरवा. मधोमध एक भला मोठा खाकी ढिगारा. मी म्हटलं, भाऊजी, हे माती आहे की पोतं? तुम्ही म्हणाले, रेघ मारली का समजन. रंग भरायचा आधी आणि काळी रेघ ओढायची शेवटी, ही तुमची पद्धत. रेघ आतून पाहणाऱ्यासाठी असते म्हणे, दुरून पाहणाऱ्याला लागत नाही.

बरं, बाया काढल्या तर काढल्या, तिन्ही पाठमोऱ्या. घरात आलेल्या पाहुण्याला आपण पाट देतो, पाणी देतो. पाठ देतो काय? माझ्यासोबत नोकरी केलेला एक जण आला, भिंतीकडे बराच वेळ पाहून मला विचारतो, कोणत्या बियाण्याची जाहिरात आहे, वर्षाचे किती मिळतात? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तुम्ही शिडीवरच होते. ऐकून गालातल्या गालात हसले. मी खालून ओरडलो की एकीचं तरी तोंड दाखवा. तुम्ही वळलेही नाही. म्हणाले, "मले जेवढं दिसलं तेवढंच काढतो मी."

ह्या वाक्याचा अर्थ मला आज लागला. तेव्हा मी फक्त शोभाला म्हटलं, माणूस हट्टी आहे.

तुमचं तत्त्व मला पाठ आहे. जी पाटी वाचून दाखवावी लागते ती पाटीच नाही. दुकानाची पाटी असेल तर ठीक आहे हो. पण सख्ख्या साळ्याच्या घरात, इतक्या वर्षांच्या गोष्टीबद्दल, तिथंही तेच तत्त्व? काय बिघडलं असतं सांगितलं तर?

तुम्ही सांगितलं नाही. फक्त एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, की चार वाजता दाराचे दोन्ही पल्ले उघडायचे, रस्ता ओलांडून रशीदच्या दुकानात उभं राहायचं आणि तिथून पाहायचं. आमचं दार पश्चिमेचं, चार वाजता ऊन थेट त्या भिंतीवर येते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी हेरलं होतं. आम्ही एकच पल्ला उघडतो, दुसऱ्याला वरची-खालची कडी लावलेली असते, कारण रस्त्याची धूळ. तुम्ही म्हणायचे आणि मी टाळायचो. आज कमरेत उसण आहे, उद्या पाहू, रशीदकडे गिऱ्हाईक आहे. खरं सांगू? चिडूनच नाही गेलो. बारा पावलांचा रस्ता आहे. मी मोजला नव्हता, आज मोजला.

तुम्ही गेले त्याच्या आठ दिवस आधी तुमचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही, थेट विचारलं, "पाह्यलं काय?" आणि मी तुम्हाला काय म्हणालो ते तुम्ही विसरले असाल तर बरं, मी विसरलो नाही. "माह्याच घराची भिंत पाहाले मी लोकाच्या दुकानात जाऊ काय, भाऊजी? काखेत कळसा अन् गावाले वळसा. रेघ माराले येत असान त या, नाही त पांढरा रंग मारून घेतो मी." तुम्ही म्हणाले, बरं. शोभाबाईले सांगा, तिळाचे लाडू पोचले. आणि फोन ठेवला. जावयाला दुखवायचं नाही म्हणून तीन महिने तोंड शिवून बसलो होतो, आणि जे बोललो ते नेमकं शेवटच्या फोनवर बोललो.

मी बोलल्याप्रमाणं केलंही असतं. तेरवीहून येऊन रंगवाल्याला उद्याचं सांगितलं होतं. भिंत पाहवत नव्हती. ते अर्धवट धब्बे, ती शिडी, रॉकेलच्या डबीत उभे तुमचे ब्रश. शोभा म्हणाली, थोडे दिवस थांबा. मी म्हटलं, कोणासाठी? रेघ मारणारा तर गेला. आज दुपारी म्हटलं, रंगवाला यायच्या आधी शिडी तरी हलवू. शिडी आडवी धरली तर दारातून निघेना. एका पल्ल्यातून जातच नव्हती, तुम्ही आत कशी आणली होती देव जाणे. शोभानं दुसऱ्या पल्ल्याच्या कड्या काढल्या, वरची गंजली होती, बत्त्यानं ठोकावी लागली. दोन्ही पल्ले उघडले. मी शिडी खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडला, रशीदच्या ओट्यावर टेकवली, घाम पुसत मागं वळलो.

आणि तिथं आई उभी होती.

मी काही कविता करत नाही, भाऊजी. मी तिकिटं फाडणारा माणूस. पण माझ्या घराच्या दाराच्या चौकटीत, बरोब्बर मधोमध, पाठमोरी आई उभी होती. बाकीच्या दोन बाया भिंतीआड गेल्या होत्या, दारातून फक्त तीच दिसत होती. तुम्ही माप घेऊन काढलं होतं तर. कमरेला कापसाची ओटी, डावा हात पुढं बोंडाकडे गेलेला, कारण आई डावरी होती. उजवा हात कमरेवर, पण उलटा, तळवा बाहेर. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटलेली असायची म्हणून ती कमरेवर हात ठेवायची तो असा उलटा ठेवायची. हे मी तिचा मुलगा असून विसरलो होतो. आतल्या खोलीत तिचा फोटो आहे, हार आहे, तोंड आहे. तिची पाठ माझ्याकडं नव्हती.

तुमच्याकडं असणारच. तुम्ही दुसरं पाहिलंच काय होतं? फुलसावंगीला आमच्या घरी सासूनं जावयासमोर तोंड काढायचं नाही, असा रिवाज. तुम्ही ओसरीत बसले की आई डोळ्यांपर्यंत पदर ओढून, पाठ फिरवून उभी राहायची. थेट बोलायचं तर नाहीच. घरात तिसरं माणूस असलं तर त्याच्यामार्फत, आणि नसलं तर भिंतीशी. "जवायाले म्हणा, हात धुऊन घ्या." असं ती भिंतीला सांगायची. आणि तुम्हीही काही कमी नव्हते, तुम्हीही भिंतीकडं पाहून म्हणायचे, "भूक नाही म्हणा." मग ती म्हणायची, "सकाळपासून उपाशी हायत, म्हणा." मी आणि ताई आत पोट धरून हसायचो. अशी तुमची दोघांची सगळी जन्माची बोलणी भिंतीमार्फत झाली. आई गेली तेव्हा तिच्या तोंडावरचा पदर बाजूला केला होता, आणि तुम्ही अंगणात मान खाली घालून उभे होते. तुम्ही तेव्हाही पाहिलं नाही, मी पाहत होतो तुमच्याकडं.

पण मी तिथं रशीदच्या ओट्यावर मटकन बसलो ते ह्यामुळे नाही. मी बसलो तो खाकी ढिगारा पाहून. तो ढिगारा नव्हता. तो शर्ट होता. माझा.

माझा पहिला युनिफॉर्म विटला तेव्हा आईनं तो मागून घेतला होता. पूर्ण बाहीचा शर्ट, लुगड्यावरून घातला की वेचताना हात ओरबाडत नाहीत. आमचं वावर रस्त्याला लागून. एक दिवस माझी गाडी तिथून जाताना ड्रायव्हरनं मुद्दाम हळू केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, कंडक्टर, तुमची एक ड्युटी वावरात चालू हाय वाटते. अख्खी गाडी हसली. मी नवीन होतो, तरणा होतो, मला ते झोंबलं. घरी आलो तर तुम्ही ओसरीत बसलेले, त्या बाजूला जाहिरातीच्या भिंती रंगवायला आले होते. जावई बसला आहे हेही पाहिलं नाही मी. आईला म्हटलं, "उद्यापासून माहा शर्ट घालून वावरात जायचं नाही. लोकं हसतात मले." तुमच्यासमोर तिला माझ्याशी वाद घालता येईना. तिनं माझ्याकडंही पाठ फिरवली आणि भिंतीला म्हणाली, "बरं, म्हणा त्याले."

पोटच्या पोराशी ती त्या एका दिवशी भिंतीमार्फत बोलली. दुसऱ्या दिवशी शर्ट धुऊन, घडी घालून माझ्या पेटीवर ठेवलेला. ती मात्र वेचायला गेली. त्या हंगामात तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले मी जेवताना पाहत होतो. तेल लाव म्हणालो असेन. शर्ट घाल म्हणालो नाही. आज म्हणतो, उद्या म्हणतो, करता करता ती गेली. आणि तुम्ही त्या दिवशी ओसरीत बसून सगळं ऐकलं होतं. इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलले नाही मला. मला वाटलं, तुम्ही विसरले.

विसरले कुठं? खांद्यावरची पट्टी एका टाक्यावर लोंबत होती, तीसुद्धा तुम्ही काढली आहे.

रशीदनं मशीन थांबवून मला पाणी दिलं. म्हणाला, "दिसली का अम्मा? पेंटरसाब रोज चार वाजता इथं येऊन बसत होते, एका पल्ल्यातून अर्धीच दिसे तरी. मले म्हणत, सासूबाईचं तोंड मी कधी पाह्यलं नाही, म्हणून पाठ पक्की हाय." त्याला सगळं माहीत. ताईला माहीत. आणि त्या दोघांना तुम्ही बजावून ठेवलेलं, की त्याला सांगू नका, त्याचं त्याला वाचू द्या. धन्य आहे तुमची.

आता मला एक सांगा. हा टोमणा आहे की काय आहे? रोज जेवताना समोर दिसावा म्हणून काढला, की बाबा रे, बघ, तुझ्या आईच्या अंगावरून तू काय काढून घेतलं होतं? का मला जे करता आलं नाही ते तुम्ही करून ठेवलं, तिला शर्ट परत घातला, आणि नाव मात्र माझ्या घराचं होऊ दिलं? दोन्हींतलं काहीही असलं तरी मी तुमच्याशी भांडलो असतो. आधी भांडलो असतो, मग पाया पडलो असतो. पण माणूस जागेवर पाहिजे ना. विचारू कोणाला? तुमची सही खालच्या कोपऱ्यात असते नेहमी, पेंटर देविदास, वणी, आणि मोबाइल नंबर. तिथंही कोरं आहे. रेघ मारल्याशिवाय सही करत नव्हते तुम्ही.

रंगवाल्याला येऊ नको म्हणून फोन केला. तो बोंबलला, रंग मिसळून झाला आहे म्हणे. म्हटलं, वरची खोली रंगव त्यानं. रेघ मी कोणाला मारू देणार नाही. आतून धब्बेच दिसतात तर दिसू देत, पाहुण्यांना काय विचारायचं ते विचारू दे. आता आमच्या दाराचे दोन्ही पल्ले रोज चार वाजता उघडे राहतील. धूळ येईल, कुत्रं येईल, आजच एक शेळी आत येऊन तुमचा ब्रश चघळून गेली. शोभा झाडू घेऊन मागं लागली आणि शिव्या मला दिल्या. हा सगळा तुमचाच घोर आहे, भाऊजी, जाताना माझ्या गळ्यात बांधून गेले.

रशीदच्या ओट्यावरून उठून घरी आलो. हॉलमध्ये शिडी नव्हती, त्यामुळे पहिल्यांदाच भिंतीच्या अगदी जवळ जाता आलं. जवळून पुन्हा काही दिसेना, नुसता खाकी रंग, नाकाला तेलाचा वास. शोभा दारात उभी होती, तिच्यासमोर लाज वाटली. पण तुम्हाला दोघांना दुसरी रीतच ठाऊक नाही, तर मी तरी काय करणार? भिंतीकडं तोंड करून म्हटलं, "जवायाले म्हणा, पाह्यलं मी. आन् आईले म्हणा, शर्ट राहू दे अंगात."